पाणबुड्यांचें गलबत



माझा एक भाचा मुंबईस एका कचेरींत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वीं तो मालवणास गेला, तेथें पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत उतरावयास शिकला, आणि तेव्हांपासून त्याचें मन जमिनीवर फारसें रमत नाहीं. मध्यंतरीं तो मला भेटावयास आला आणि म्हणाला, "मामा, मी तांबड्या समुद्रावर चाललों आहें. आठ दिवस जहाजावरच राहावयाचें, तेथेंच जेवावयाचें, तेथेंच निजावयाचें, आणि दिवसांतून तीनचार वेळां बुडी मारावयाची. तुम्ही जन्मभर इतिहास शिकविलात. या गोष्टीलाही कांहीं इतिहास आहे काय?" मीं उलट विचारलें, "तुला भीति कशाची वाटते?" तो हंसला आणि म्हणाला, "काय काय असतें हेंच ठाऊक नाहीं, मग भीति कशाची हें कसें सांगूं?"

त्याच्या या उत्तरानें मी विचारांत पडलों. मी स्वतः गांवच्या विहिरींत पोहलेला मनुष्य. समुद्राच्या तळाशीं माझी ओळख पुस्तकांतूनच झालेली. परंतु मीं चार पुस्तकें पुढें ओढलीं, आणि जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

जहाजावर मुक्काम करून समुद्रांत बुड्या मारण्याची रीत मुळींच नवी नाहीं. आज जें काम लोक हौसेखातर आणि पदरचे पैसे भरून करतात, तेंच काम इराणच्या आखातांतील दर्यावर्दी शतकानुशतकें पोटासाठीं करीत आले. आणि त्या कामाचा आपल्या घरांशींही संबंध आहे. आपल्या आजीच्या नथेंतील मोत्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतों. वस्तुतः ते बसऱ्यास पिकत नसत. ते बहारीन, कुवेत, कतार आणि त्यांच्या दक्षिणेकडील किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रांतून निघत, आणि त्यांचा फार मोठा भाग मुंबईच्या बाजारांत येई. मुंबईस त्यांची प्रतवारी होई, पितळी चाळण्यांनीं लहानमोठे दाणे वेगळे केले जात, भोंकें पाडलीं जात, 'चव' नांवाच्या परिमाणानें हिशेब होई, आणि मग ते पॅरिस-लंडनची वाट धरीत. आखाताच्या बंदरांत त्या काळीं नाणें चाले तेंही आपला रुपयाच.

मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्याचा. सुमारें चार महिन्यांचा. पाणी उबदार असल्याखेरीज दिवसभर बुड्या मारणें मनुष्याला शक्य होत नाहीं. हंगाम सुरू झाला कीं गांवेंच्या गांवें पुरुषांविना ओस पडत. गलबताच्या मुख्याला 'नाखुदा' म्हणत. आपल्या कोंकणांतील 'नाखवा' तो हाच. त्याच्या हाताखालीं दोन मुख्य वर्ग असत : बुडी मारणारे, आणि वर उभे राहून त्यांचा दोर ओढणारे. यांखेरीज शिकाऊ मुलें असत, तीं कॉफी देत, शिंपले आवरीत आणि पाहून पाहून धंदा शिकत. आणि एक गाणारा असे. वल्हीं मारतांना, नांगर उचलतांना, शीड चढवितांना त्यानें सूर धरावयाचा आणि बाकीच्यांनीं साथ करावयाची; त्याच्या गळ्याबद्दल त्याला वाटा मिळे. त्याचें जहाजावरील स्थान क्षुल्लक होतें असें कोणी समजूं नये. चार महिने जमीन न पाहिलेल्या साठ माणसांना एका तालांत ठेवणें हें लहान काम नव्हे.

बुडी मारणाऱ्याचीं साधनें इतकीं थोडीं कीं एका पिशवींत मावावीं. नाकाला शिंगाचा किंवा कांसवाच्या पाठीचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यांत दोरीची जाळीदार टोपली, आणि खालीं जाण्यासाठीं पायाशीं बांधलेला दगड. जेलीफिश अंगाला लागूं नये म्हणून कांहीं जण सुती कपड्यानें सर्वांग झांकून घेत. छातीभर श्वास घेऊन तो दगडाबरोबर सरळ तळाला जाई. दगड लगेच वर ओढला जाई. खालीं बहुधा पांचसात वांव, क्वचित् दहाबारा वांव खोलीवर तो हातांनीं शिंपले उपटून टोपलींत टाकी. आणि एक मिनिट, फार तर दीड मिनिट झालें कीं दोराला हिसका देई. वरच्या गड्यानें तो हिसका ओळखून त्याला तत्क्षणीं ओढून काढावयाचें. वरच्याचें लक्ष क्षणभर इकडेतिकडे गेलें तर खालचा गेलाच. दिवसाकांठीं अशा पन्नास-साठ बुड्या होत. माझा भाचा सांगतो कीं आजही एकट्यानें पाण्यांत उतरावयाचें नाहीं. जोडीदार ठरलेला असतो, आणि उतरण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांचें सामान तपासावयाचें असतें. मीं त्याला म्हटलें, बाबा रे, तुझा हा नियम पुस्तकांत छापला जाण्यापूर्वीं किती तरी शतकें त्या दोराला गांठ मारून ठेवलेला होता.

आतां जहाजावरच्या राहणीविषयीं. पोट भरलेलें असतां बुडी मारतां येत नाहीं, म्हणून सकाळीं मूठभर खजूर आणि कॉफी, आणि खरें जेवण सूर्यास्तानंतर, भात आणि मासे. ताज्या भाजीफळांच्या अभावीं हिरड्या सुजत. खाऱ्या पाण्यानें अंगावर चिरा पडत, कानाचे पडदे फाटत. निजावयाचें तें उघड्या तक्तपोशीवर, उघडून टाकलेल्या शिंपल्यांच्या दुर्गंधींत. गोडें पाणी हा तर सर्वांत मोठा प्रश्न. मात्र बहारीनच्या आसपास समुद्राच्या तळाशींच गोड्या पाण्याचे झरे आहेत. पाणबुडे रिकामी पखाल घेऊन खालीं जात, झऱ्याच्या मुखाशीं तिचें तोंड उघडीत, भरली कीं आवळून वर आणीत. खाऱ्या समुद्राच्या पोटांतून गोडें पाणी भरून आणणारे हे लोक, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाहीं.

परंतु या सर्व हालांपेक्षां मोठा हाल कर्जाचा होता. हंगामाआधीं घरच्यांना धान्य भरून देण्यासाठीं पाणबुडा नाखुद्याकडून उचल घेई. नाखुदा ती सावकाराकडून घेई. हंगाम संपल्यावर मोत्यांच्या विक्रीचे वाटे पडत, त्यांत पाणबुड्याचा वाटा दोर ओढणाऱ्याहून मोठा असे. पण त्यांतून उचल वजा जाई, व्याज जाई, आणि बहुतेकांच्या पदरांत पुढच्या वर्षीं पुनः त्याच गलबतावर चढण्याचें बंधन तेवढें उरे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या माथीं. हिशेब नाखुद्याच्या वहींत, आणि पाणबुड्याला अक्षरओळख नाहीं! १९२० नंतरच्या दशकांत बहारीनच्या राज्यांत सुधारणा झाल्या, प्रत्येक पाणबुड्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या वहींत लिहून द्यावा असा दंडक घातला गेला. तरी असंतोष शमला नाहीं आणि १९३२ सालीं तेथें पाणबुड्यांचा दंगाही झाला. आपल्याकडे ज्या मोत्यांनीं मंगलकार्यें शोभलीं, त्यांतील प्रत्येकाच्या मागें असा एखादा हिशेब होता, हें आमच्या लहानपणीं आम्हांला कोणीं सांगितलें नाहीं.

हा धंदा बुडाला तो समुद्रामुळें नव्हे. जपानांत मिकिमोटो यानें १८९३ सालीं शिंपल्यांत अर्धगोल मोती वाढवून दाखविले होते. पुढें जपानांत गोल मोतीही तयार होऊं लागले आणि १९२० नंतर त्यांनीं बाजार गांठला. १९२९ ची जागतिक मंदी आली, चैनीच्या मालाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. आणि १९३२ सालीं बहारीनांत तेल लागलें. चार महिने श्वास कोंडून जें मिळत नव्हतें तें तेलाच्या खाणीवर महिन्याच्या पगारानें मिळूं लागलें.

पुढील हकीकत सांगण्यापूर्वीं थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे. शाळेंत मी बॉइलचा नियम सायकलच्या पंपानें दाखवीत असें. समुद्रसपाटीवर आपणांवर एका वातावरणाचा दाब असतो; पाण्याखालीं दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतें. मोती काढणारा वरून एक श्वास घेऊन जाई. खालीं तो श्वास आकुंचन पावे, वर येतांना पूर्ववत् होई. फुप्फुसांना धोका नसे. परंतु जो मनुष्य खालींच, त्या दाबाची, हवा श्वासांत घेतो, त्याचें गणित उलटें. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच कोंडून तो वर आला तर आंतील हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसें ती देऊं शकत नाहींत. म्हणून आजच्या पाणबुड्याला पहिला धडा मिळतो तो असा कीं श्वास कधींही कोंडूं नये. अरबी पाणबुड्याचा प्राण ज्या गोष्टीवर अवलंबून होता तीच याला निषिद्ध.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखालीं हा वायु रक्तांत व शरीरांत विरतो, आणि मनुष्य घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढल्यावर फेंस यावा तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, प्रसंगीं मृत्यु येतो. १८६० नंतर ग्रीक बेटांतील स्पंज काढणाऱ्यांनीं धातूचीं शिरस्त्राणें आणि पंपाची हवा वापरावयास सुरुवात केली, आणि त्यांतील अनेक तरुण अपंग होऊन घरीं परतले. कारण मात्र कोणासच कळेना. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं तें दाखवून दिलें, आणि १९०८ सालीं इंग्लंडांत हॉल्डेन यानें बोकडांवर प्रयोग करून किती खोलीवर किती वेळ राहिल्यास कोठें कोठें थांबत वर यावें याचीं कोष्टकें केलीं. आज पाणबुड्याच्या मनगटावर जें घड्याळासारखें यंत्र असतें तें त्याच मार्गानें हिशेब करीत असतें. जहाजावर आठवडाभर राहून दिवसाला चार बुड्या मारणाऱ्याला तें विशेष जपावें लागतें, कारण कालच्या बुडीची शिल्लक आजच्या खात्यांत ओढली जाते. येथेंही उचल आणि व्याज आहेच; फक्त सावकार निराळा.

आतां ज्या माणसामुळें हौशी लोक पाण्यांत उतरले त्याच्याकडे वळूं. फ्रेंच नौदलांतील अधिकारी झाक कूस्तो आणि एमिल गान्यां नांवाचा एक इंजिनियर यांनीं १९४३ सालीं एक झडप तयार केली. युद्धामुळें पेट्रोल मिळेना, म्हणून फ्रान्सांत मोटारी गॅसवर चालवीत. त्या गॅसचा पुरवठा बेतशीर करण्यासाठीं गान्यांनें केलेल्या झडपेवरून ही कल्पना निघाली. पाणबुड्यानें श्वास ओढला कीं पाठीवरच्या नळकांड्यांतून नेमकी त्या खोलीच्या दाबाची हवा मिळावी, आणि न ओढल्यास मिळूं नये, एवढेंच तिचें काम. दोर नाहीं, नळी नाहीं, वर पंप मारणारा नाहीं. मनुष्य माशासारखा मोकळा झाला.

कूस्तोला १९५० सालीं एक जुनें जहाज मिळालें. तें अमेरिकेंत लांकडाचें बांधलेलें, युद्धांत इंग्रजी नौदलाकडे सुरुंग काढण्याच्या कामावर असलेलें आणि नंतर माल्टा व गोझो या बेटांमध्यें उतारूंची ने-आण करणारें असें होतें. नांव 'कॅलिप्सो'. त्याच्या नाकाशीं पाण्याखालीं खिडक्या असलेली खोली बसविण्यांत आली, आणि १९५१ च्या अखेरीस तें तांबड्या समुद्राकडे निघालें. हौसेच्या पाणबुड्यांचें गलबत तें हेंच असें म्हणण्यास हरकत नाहीं. खर्च भागविण्यासाठीं कूस्तोची पत्नी सिमोन हिनें आपले दागिने विकले असें सांगतात. ती स्वतः नवऱ्यापेक्षांही अधिक काळ त्या जहाजावर राहिली. खलाशी तिला प्रेमानें धनगरीण म्हणत. जहाजावर कोण निजलें, कोण जेवलें नाहीं, कोणाला घरची आठवण येते हें पाहणारें कोणीतरी लागतें. पडद्यावर मात्र तिचा चेहरा फारसा येत नाहीं.

पुढें जें घडलें तें मला फार अर्थपूर्ण वाटतें. १९५४ सालीं पैशाच्या अडचणींत असलेलें हें 'कॅलिप्सो' एका तेलकंपनीच्या कामावर अबूधाबीच्या समोरील समुद्रांत गेलें. तळाच्या खडकाचे नमुने काढून तेलाचा माग लावावयाचा होता. म्हणजे ज्या पाण्यांत नाकाला चिमटे लावून माणसें शिंपले वेंचीत होतीं, त्याच पाण्यांत आतां पाठीवर हवा घेतलेले फ्रेंच पाणबुडे तेलासाठीं दगड फोडीत होते. त्याच सुमारास घेतलेल्या चित्रांवरून १९५६ सालचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा चित्रपट तयार झाला आणि त्याला कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्यांत मासे मोजण्यासाठीं सुरुंग उडवून मारलेले दिसतात, आणि खलाशी शार्कांना निर्दयपणें ठार करतांना दिसतात. आजचा प्रेक्षक तें पाहून अस्वस्थ होतो, आणि होणें योग्यच आहे. पुढें समुद्ररक्षणाचा कैवार घेणारा मनुष्य याच वाटेनें गेला होता, हें मुलांना शिकवितांना मी लपविणार नाहीं.

ऑस्ट्रियाच्या हान्स हास यानेंही याच काळांत आपलें शिडाचें जहाज घेऊन १९५७-५८ मध्यें मालदीव आणि आपल्या निकोबार बेटांपर्यंत सफर केली. ही जहाजें शास्त्रज्ञांचीं होतीं. पैसे देऊन येणाऱ्या उतारूंचीं जहाजें नंतर, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत वाढलीं. त्यांना इंग्रजींत 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. कारण साधें आहे : उत्तम प्रवाळ किनाऱ्यापासून दूर असतात, आणि रोज बंदरांतून जाऊन येण्यांत दिवस फुकट जातो.

भाच्याच्या सफरींत एक मुक्काम 'थिसलगॉर्म' या बुडालेल्या बोटीवर आहे. ६ ऑक्टोबर १९४१ रोजीं, सुएझच्या कालव्यांत शिरण्याची वाट पाहत नांगरून पडली असतां जर्मन विमानांनीं ती बुडविली. नऊ माणसें गेलीं. सुमारें तीस मीटर पाण्यांत तिच्या पोटांत मोटारसायकली, मालमोटारी आणि बंदुका अजून आहेत. कूस्तोच्या पाणबुड्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत ती पाहिली होती. मीं भाच्याला बजावून सांगितलें आहे कीं तें प्रदर्शन नव्हे, तेथें माणसें मेलीं आहेत. कांहींही उचलूं नको.

त्यानें मला तेथील दिनक्रम दाखविला. चढतांच पायांतील वहाणा काढून टोपलींत टाकावयाच्या, त्या उतरेपर्यंत मिळावयाच्या नाहींत. प्रत्येकाला बांकावर एक जागा. तेथेंच त्याचें नळकांडें उभें राहतें आणि बुडी झाली कीं जागच्या जागीं भरलें जातें. पहांटे घंटा, फळ्यावर खडकाचा नकाशा काढून सूचना, मग बुडी आणि मग न्याहारी. पुनः बुडी, जेवण, वामकुक्षी. तिसऱ्या प्रहरीं एक, आणि अंधार पडल्यावर दिव्यांसह आणखी एक. मालदीवाकडे तर सामानाची वेगळी धोणीच मोठ्या जहाजाच्या मागें चालते. फळा, नकाशा, घंटा, जेवणाची सुट्टी हें सर्व वाचून मी म्हटलें, ही तर निवासी शाळा झाली! सामान खोक्यांत न आणतां मऊ पिशवींत आणावें, कारण खोली फार लहान. ओकारी सुरू झाल्यावर औषधाचा उपयोग नाहीं, तें बोट हलण्यापूर्वीं घ्यावें. आणि शेवटच्या बुडीनंतर विमानांत बसण्यापूर्वीं निदान १८ तास, शक्य तर पूर्ण दिवस जाऊं द्यावा, कारण आकाशांत दाब आणखी कमी होतो. ह्या गोष्टी तो मला सांगत होता, मी त्याला नव्हे.

माझ्याकडून त्याला एकच गोष्ट मिळाली. ती मीं वाचली तेव्हांपासून मला झोंप लागत नव्हती. २ सप्टेंबर २०१९ च्या पहांटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नांवाच्या अशाच एका बोटीला आग लागली. उतारू तळमजल्यावर निजले होते. वर येण्याचा जिना आणि संकटसमयीं बाहेर पडण्याची खिडकी, दोन्ही एकाच दालनांत उघडत, आणि आग त्याच दालनांत होती. रात्रीं जहाजभर फिरून पाहरा करणारा कोणी नव्हता. ३४ माणसें गेलीं. समुद्रानें एकालाही मारलें नाहीं, पाण्याखालीं एकही गेला नाहीं. आखातांतील त्या फाटक्या गलबतावर माणसें उघड्या तक्तपोशीवर निजत, तें हालाचें म्हणून मीं आधीं सांगितलें. पण तेथें कोणी दाराआड सांपडून मरत नसे.

म्हणून मीं भाच्याला म्हटलें, पहिल्या संध्याकाळीं मासे कोणते दिसतील हें विचारूं नको. माझ्या बिछान्यापासून वर येण्याच्या वाटा किती, त्या कोठें निघतात, रात्रीं जागा कोण असतो, आणि दिव्यांच्या व कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या कोठें भारित करतां, हें विचार. आणि ती वाट एकदां डोळे मिटून चालून पाहा. तो थोडा ओशाळला. "मामा, लोक हंसतील." मीं म्हटलें, हंसूं देत. तीस वर्षें मुलें मला हंसत होतीं.

निघतांना मीं त्याला शाळेंतील कवाइतीची माझी जुनी पितळी शिटी दिली. पाण्यांतून वर आल्यावर जहाज दूर दिसलें तर उपयोगी पडेल असा माझा विचार. त्यानें ती वाजवून पाहिली, आणि म्हणाला कीं हिच्या आंतील बुचाची गोळी खाऱ्या पाण्यानें फुगून बसेल, आमच्या शिट्या प्लॅस्टिकच्या आणि बिनगोळीच्या असतात. तरी त्यानें ती पिशवींत टाकली.